टायरची हवा उतरवायचं सामान घरच्या घरी: साताऱ्या-सांगलीच्या कच्च्या वाटांवर नव्याने जाणाऱ्यांसाठी

साताऱ्यात डांबरी सोडून गाडी खाली उतरवायला फार लांब जावं लागत नाही. पश्चिमेला ठोसेघरच्या वरचं चाळकेवाडीचं पवनचक्क्यांचं पठार आहे, पाटणकडे सडावाघापूर आहे. पूर्वेला माण-खटावचे मुरमाड गाडीरस्ते आणि कोरडे ओढे आहेत, आणि तोच माळ पुढे सांगली जिल्ह्यात आटपाडी-जतपर्यंत जातो. या वाटांना लागलेला नवा माणूस पहिला खर्च करतो तो मोठ्या टायरवर, नाहीतर छतावरच्या लाइटवर. माझं कळकळीचं सांगणं आहे की त्याआधी आहे त्या टायरमधली हवा मोजून कमी करायला आणि परत भरायला शिका. गाडीच्या चालीत एवढा फरक एवढ्या कमी पैशांत दुसऱ्या कशानेच पडत नाही. बाहेरून मागवलेले तयार संच महाग असतात. तेच काम करणारं सामान हार्डवेअरच्या दुकानातल्या आणि न्यूमॅटिकच्या (हवेच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रांच्या) वस्तूंतून साधारण हजार-बाराशे रुपयांत बनतं.

हवा कमी केल्यावर काय होतं

टायर जमिनीला जिथे टेकतो तो ठसा हवा कमी केली की वाढतो. रुंदीला थोडा, लांबीला जास्त. हे वाचून सोडून देऊ नका, अंगणात एकदा करून बघा. हँडब्रेक लावा, बाकीच्या चाकांना दगड लावा आणि एक पुढचं चाक जॅकवर उचला. टायरच्या खालच्या भागाला पातळ गेरू फासा, काठीने खाली पुठ्ठा सरकवा, जॅक सोडून चाक पुठ्ठ्यावर टेकवा आणि परत उचला. मग हवा ३२ पीएसआयवरून (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप) १८ वर आणून दुसऱ्या पुठ्ठ्यावर तेच करा. दोन्ही पुठ्ठे शेजारी ठेवले की पुढचं सगळं आपोआप समजतं. वजन तेवढंच, पण ते मोठ्या जागेवर पसरलं. म्हणून वाळूत चाक कमी रुततं आणि सैल मुरमावर जागच्या जागी फिरत नाही. दगडावरून जाताना टायर दगडाचा आकार घेतो. त्यामुळे गाडी उसळत नाही, आणि बुश, शॉकअप, आतली माणसं या सगळ्यांना कमी दणके बसतात.

यात एक तोटाही आहे. हवा कमी झाली की टायरचे गाल बाहेर फुगतात आणि तिथलं रबर सर्वांत पातळ असतं. तळव्यावर पंक्चर निघतं, पण गाल फाटला तर टायर टाकूनच द्यावा लागतो. आपल्या घाटमाथ्यावरच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारांवर, जांभा आहे, त्याच्या कडा खरखरीत असतात. खाली उतारांवर काळा पाषाण आहे, तो धारदार फुटतो. म्हणून वाळवंटातले व्हिडिओ बघून तिथली हवा इथे ठेवू नका.

किती उतरवायची

तुमच्या गाडीची रस्त्यावरची हवा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या स्टिकरवर असते. ती ३२ पीएसआय धरून मी आकडे देतो, तुमची वेगळी असेल तर त्या प्रमाणात बदला. साधा मुरमाड रस्ता किंवा खडी असेल तर २५-२६ पुरे. दगडगोटे आणि जांभ्याचे कपरे असतील तर २० ते २२, त्याखाली नाही. कोरड्या ओढ्याच्या वाळूत १५-१६. पंधराच्या खाली नवख्याने अजिबात जाऊ नये. जोरात वळण घेतलं की टायरची कड रिमवरून सुटते, आणि मग माळावर बसून टायर चढवायची वेळ येते.

कृष्णाकाठच्या काळ्या रानाचं गणित वेगळं आहे. वाळवा, पलूस, मिरज या पट्ट्यात ओल्या काळ्या मातीत हवा उतरवून काही साधत नाही. माती टायरच्या खाचांत भरते आणि दोन फेऱ्यांत टायर गुळगुळीत होतो. त्यात उसाच्या ट्रॉल्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या इतक्या खोल असतात की चाक पोहोचण्याआधी गाडीचं पोट टेकतं. त्या वाटेला वाफसा येईपर्यंत गाडी नेऊच नका.

आकडा ठरवताना टायर गरम आहे की गार, हेही बघा. घरी सकाळी ३२ भरलेली हवा घाट चढून गेल्यावर ३५-३६ दाखवू शकते. तापमान साधारण पाच-सहा अंशांनी वाढलं की दाब एका पीएसआयने वाढतो, आणि पळालेला टायर त्याहून खूप जास्त तापतो. गरम टायरमधून मोजून २० वर आणलंत तर गार झाल्यावर ती १८ च्या आसपास येईल. म्हणून गरम टायरला दोन आकडे वर थांबा.

गाडीत माल किंवा सात माणसं भरली असतील तर वरचे आकडे विसरा. भरलेल्या पिकअपची हवा उतरवू नये.

आधी दोन गोष्टी हातात हव्यात

पहिली म्हणजे हवा परत भरायची सोय. ही नसेल तर उतरवायचं सामान बनवायला बसूच नका. बारा व्होल्टवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर सर्वांत सोयीचा. शक्य असेल तर थेट बॅटरीला चिमटे लावून चालणारा घ्या, कारण मोठा कॉम्प्रेसर डॅशबोर्डवरच्या सॉकेटला लावला की फ्यूज उडतो. पायपंपाने चार चाकं भरता येतात, पण वेळ आणि दम दोन्ही लागतात. माण-खटावकडे बहुतेक फाट्यावर पंक्चरवाला असतो. पेट्रोल पंपावर हवा फुकट मिळायला हवी असा नियमच आहे. पण सड्यावर यातलं काहीच नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे हवेचा दाब मोजायचं स्वतःचं गेज. घड्याळी तोंडाचं, ० ते ६० पीएसआय असलेलं घ्या. दुकानदार ० ते १५० किंवा त्याहून मोठं पुढे करेल, ते नको. अशी गेजं मधल्या टप्प्यात सर्वांत खरी असतात, आणि आपल्याला लागणारा १५ ते ३५ चा पट्टा ६० च्या तबकडीवर बरोबर मध्यावर येतो. आणल्या दिवशी एकाच टायरवर ते दोन-तीन ठिकाणच्या गेजांशी ताडून बघा. एका आकड्याचा फरक चालेल, फक्त तो कायम तेवढाच असला पाहिजे.

पहिलं सामान: स्क्रू बसवलेली पितळी टोपी

व्हॉल्व्हच्या मधली काडी दाबली की हवा जाते. नखाने किंवा काडीने दाबत बसलात तर एका चाकाला तीन-चार मिनिटं सहज जातात आणि बोट दुखतं. ही टोपी फिरवून बसवली की ती स्वतःच काडी दाबून धरते. तुम्ही तोवर दुसऱ्या चाकाकडे जाता.

पंक्चरच्या सामानाच्या दुकानातून पितळी टोप्या आणा. चार लागतात, सहा आणा, एखादी ड्रिलखाली बिघडतेच. प्लॅस्टिकच्या चालणार नाहीत. टोपी स्वतः बनवायच्या किंवा लेथवर करून घ्यायच्या फंदातही पडू नका. व्हॉल्व्हच्या तोंडावरचे आटे साध्या मेट्रिक मापाचे नसतात. व्यास सुमारे पावणेआठ मिलिमीटर आणि इंचाला ३२ आटे, असं ते खास माप आहे. हार्डवेअरच्या दुकानातला आठ नंबरचा टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, त्याला बसत नाही. आटे तयार टोपीचेच वापरायचे.

टोपीच्या आत रबराची बारीक चकती असते. ती टोकदार सुईने उचकटून काढा, नाहीतर हवा कोंडते. जुन्या व्हॉल्व्हचा तुकडा व्हाइसमध्ये पकडून त्यावर टोपी फिरवून बसवा. पंक्चरवाल्याकडे कापलेले व्हॉल्व्ह पडलेले असतात, मागितले तर देतो. टोपी थेट व्हाइसमध्ये दाबली तर ती चपटी होते आणि आटे जातात. टोपीच्या माथ्यावर बरोबर मध्यभागी पंचने खूण करा, अडीच मिलिमीटरचा बिट मारा आणि त्यात तीन मिलिमीटरचा टॅप फिरवा. पितळ मऊ असतं. टॅप अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे असा सावकाश चालवा. टॅप नसेल तर कोणताही वर्कशॉपवाला दोन मिनिटांत करून देईल. मग टोपीच्या बाजूला, माथ्याच्या जवळ, दोन मिलिमीटरचं एक भोक पाडा. हवा इथून बाहेर येणार. चारही टोप्यांना एकाच बिटाने आणि एकाच उंचीवर पाडा.

आता वरून तीन मिलिमीटरचा स्क्रू घाला, त्यावर आधीच एक नट चढवलेला असू द्या. टोपी टायरच्या व्हॉल्व्हवर पूर्ण बसवा आणि पेचकसाने स्क्रू हळूहळू आत घ्या. आधी काही होणार नाही, मग बारीक फुसफुस सुरू होईल. आणखी अर्धा फेरा दिला की आवाज मोठा होऊन स्थिर होईल, आणि पुढे फिरवूनही वाढणार नाही. तिथेच थांबा आणि नट खाली आणून आवळा. त्यापुढे जोर लावला तर काडी वाकते आणि पिन, म्हणजे काडीसकट व्हॉल्व्हमधून सुटा निघणारा भाग, बदलावी लागते. स्क्रूच्या टोकाला धार राहिली असेल तर कानस मारून सपाट करा.

ही टोपी आपोआप बंद होत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. बाजारात ठरलेल्या दाबावर बंद होणाऱ्या स्प्रिंगच्या टोप्या मिळतात. तशी स्प्रिंग घरी बसवायचा प्रयत्न करू नये असं माझं मत आहे. स्प्रिंग थोडी सैल पडली तरी एक टायर दुसऱ्यापेक्षा चार-पाच आकड्यांनी खाली जातो, आणि तुम्ही मात्र टोपीच्या भरवशावर गप्पा मारत असता. आपल्या साध्या टोपीला वेळ लावायचा. गार टायरवर घरी मोबाइलचं घड्याळ लावून बघा, ३२ वरून २६ ला किती वेळ लागतो आणि २६ वरून २० ला किती. दुसरा टप्पा जास्त वेळ घेईल, कारण आतला दाब कमी होत जातो तशी हवा हळू निघते. दोन्ही वेळा पांढऱ्या पेंटने टोप्यांच्या डबीवर लिहून ठेवा.

दुसरं सामान: कॉक आणि गेजची नळी

एकच गोष्ट बनवायची असेल तर ही बनवा. हिने हवा उतरवता येते, मोजता येते आणि भरताही येते. सातारा, कुपवाड किंवा मिरजेच्या एमआयडीसी भागात न्यूमॅटिकचं सामान विकणाऱ्या दुकानात एकाच फेरीत सगळं मिळतं.

आठ मिलिमीटर बाहेरचा व्यास असलेली पीयू (पॉलियुरेथेन) नळी दोन फूट घ्या. पाव इंची आट्यांचा पितळी टी (तीन तोंडांचा जोड) एक, पाव इंची बॉल कॉक (हवा चालू-बंद करायची तोटी) एक आणि वर सांगितलेलं गेज पाव इंची आट्यांचं. आट्यांच्या बाजूने टीला आणि दुसऱ्या बाजूने नळीला बसणारा पुश फिटिंगचा, म्हणजे नळी नुसती खोचली की धरून ठेवणारा, कनेक्टर घ्या. शिवाय व्हॉल्व्हवर फिरवून बसणारा किंवा खटक्याने धरणारा नोजल आणि टेफ्लॉन टेप. टी आणि कॉकचे आटे आतले-बाहेरचे जुळतात ना, हे दुकानातच एकमेकांत फिरवून बघा. जुळत नसतील तर मध्ये निप्पल (आट्यांचा छोटा जोडतुकडा) लागेल, तो तिथेच घ्या.

नोजल घेताना त्यात तोंडाने फुंकून बघा. फुंकर आरपार गेली तर तो मोकळा, अडली तर आत बंद व्हॉल्व्ह आहे. एका चाकाच्या नळीला मोकळा घ्या, त्याच्या आत बिघडण्यासारखं काही नसतं.

जोडणी सोपी आहे. टीच्या एका तोंडाला नळी, दुसऱ्याला गेज, तिसऱ्याला कॉक. आट्यांवर टेफ्लॉन टेप आटे फिरतात त्या दिशेने पाच-सहा वेढे गुंडाळा, पहिला आटा उघडा सोडून. तो झाकला तर टेपचे तुकडे आत जातात आणि गेजच्या बारीक भोकात अडकतात. पीयू नळीचं टोक ब्लेडने काटकोनात, एका दमात कापा. तिरपं कापलं की पुश फिटिंगमधून हळूहळू गळती होते. नळी आत खोचा, अडल्यावर आणखी थोडी दाबा, मग ओढून बघा. ही फिटिंग कारखान्यांत याहून कितीतरी जास्त दाबावर चालतात, त्यामुळे ३५ पीएसआयची काळजी नको. कॉक बंद करून नळी टायरला लावा आणि साबणाचं पाणी प्रत्येक सांध्यावर सोडा. बुडबुडा आला तिथे परत आवळा.

वापरताना बहुतेकांचा गोंधळ होतो तो इथे. कॉक उघडा असताना गेज खोटं बोलतं. हवा वाहत असली की नळीतला दाब टायरमधल्या दाबापेक्षा कमी असतो. टायरमध्ये २६ असताना गेज त्याच्या बरंच खाली दाखवू शकतं. म्हणून कॉक उघडा, थोडा वेळ हवा जाऊ द्या, बंद करा, काटा थांबेपर्यंत दोन-तीन सेकंद थांबा आणि मग वाचा. हवे त्या आकड्याजवळ आलात की थोडं थोडं सोडा.

वेग वाढवायचा असेल तर दोन चाकं एकत्र जोडा. एकाच अॅक्सलची दोन चाकं जोडायची, एका बाजूची पुढची-मागची नाही. इंजिन पुढे असल्याने पुढच्या आणि मागच्या चाकांवरचं वजन वेगळं असतं, पण एका अॅक्सलवर हवा सारखीच हवी, आणि नळीने जोडली की ती आपोआप सारखी होते. बोलेरोएवढ्या गाडीला बंपरसमोरून फिरवून साडेचार-पाच मीटर नळी लागते. कापण्याआधी सुतळीने माप घ्या. मध्ये आणखी एक टी टाकून तिथे गेज आणि कॉकचा भाग जोडा. दोन्ही टोकांना नोजलच्या आधी नळीवर बसणारा छोटा हँड व्हॉल्व्ह लावा. तो नसेल तर एक नोजल काढताक्षणी दुसऱ्या टायरची हवा उघड्या टोकातून जाते.

या दोन टोकांच्या नळीचा आणखी एक उपयोग आहे. कॉम्प्रेसर बंद पडला तर एक टोक स्टेपनीला आणि दुसरं टोक हवा कमी असलेल्या चाकाला लावा. स्टेपनीत ३५ आणि चाकात १८ असेल, टायर एकाच मापाचे असतील, तर दोन्हींत साधारण २६ होते. गाडी हळू चालवत पंक्चरवाल्यापर्यंत नेण्याइतकी ती नक्कीच पुरते. त्यासाठी स्टेपनी नेहमी थोडी जास्त भरलेली ठेवा.

पिन काढून हवा सोडणं

व्हॉल्व्हची पिन पूर्ण काढली तर मिनिटाच्या आत काम होतं, म्हणून अनेकजण खाचेच्या टोपीने (माथ्यावर पिन फिरवायची खाच असलेल्या टोपीने) पिनच काढतात. उघड्यावर हे करू नका. शेवटचा आटा सुटला की पिन बंदुकीच्या छऱ्यासारखी उडते, डोळ्याला लागू शकते, आणि गवतात पडली की सापडत नाही. पिन आतच धरून ठेवणारं हत्यार विकत मिळतं, ही पद्धत त्यानेच करावी. तरीही चार सुट्ट्या पिना आणि खाचेची एक टोपी गाडीत असू द्या, काही रुपयांचं काम आहे.

नव्या गाड्यांत टायरचा दाब डॅशबोर्डवर दिसतो. त्यांच्यात बरेचदा अॅल्युमिनियमचा व्हॉल्व्ह असतो. त्यावर पितळी टोपी कायमची लावून ठेवली तर दोन धातूंच्या संगतीने गंज धरतो आणि टोपी निघत नाही. अशा व्हॉल्व्हवर आपली टोपी काम झाल्याबरोबर काढा, आणि पिन बदलाल तेव्हा निकेल चढवलेलीच टाका.

वाटेवर पोहोचल्यावर

डांबरी संपते तिथे सपाट जागी थांबा. चढावर मोजमाप करू नका, एका बाजूला वजन जातं. काढलेल्या टोप्या एका खिशात ठेवायची सवय लावा. चारही चाकांची आधीची हवा मोबाइलमध्ये लिहा, कारण परत भरताना तोच आकडा हवा. पितळी टोप्या लावत गाडीभोवती फेरी मारा, दुसऱ्या फेरीत त्याच क्रमाने काढा, आणि मग गेजच्या नळीने प्रत्येक चाक नेमक्या आकड्यावर आणा. एका अॅक्सलच्या दोन चाकांत एका आकड्यापेक्षा जास्त फरक ठेवू नका.

हवा उतरवल्यावर वेग ताशी ३० च्या आसपास, पंधरावर असाल तर त्याहून कमी. झटक्यात वळण नको, झटक्यात ब्रेक नको. गाडी खाली एक-दीड सेंटीमीटर बसलेली असते, उंच दगडावर ते ध्यानात ठेवा.

आणि रस्ता सोडून पठारावर गाडी घालू नका. कास पठार २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलं. तिथली आणि आसपासच्या सड्यांवरची माती जांभ्यावर जेमतेम बोटभर असते. टायर कितीही मऊ केला तरी तो ती दाबतोच, आणि दाबलेल्या पट्ट्यात फुलं येत नाहीत. कोयना आणि चांदोली सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतात, तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय आत वाट काढायची नाही. आपल्याला सरावाला माणदेशचा मुरूम भरपूर आहे.

बाइकवाल्यांसाठी

ट्यूबच्या टायरवर फार खाली जाऊ नका, वीसच्या आसपास थांबा. हवा कमी झाली की टायर रिमवर सरकतो, ट्यूबलाही ओढतो आणि व्हॉल्व्ह मुळातून फाटतो. व्हॉल्व्हवरचा नट रिमला आवळून ठेवू नका, वर टोपीशी नेऊन ठेवा. ट्यूब सरकायला लागली की व्हॉल्व्ह तिरका दिसतो आणि वेळेत कळतं.

परत डांबरीवर

पुणे-बेंगळुरू महामार्गावर १८ हवेच्या टायरने ऐंशीने गाडी हाणली तर टायरचे गाल सतत वाकून तापतात आणि टायर फुटतो. कच्चा रस्ता संपला की तिथेच भरा, ‘पुढे पंपावर बघू’ नको. इंजिन चालू ठेवून कॉम्प्रेसर लावा. दोन चाकं झाली की त्याला पाच-दहा मिनिटं गार होऊ द्या. छोटे कॉम्प्रेसर सलग चालवल्यानेच जळतात. चारही चाकं लिहून ठेवलेल्या आकड्यावर आली की प्रत्येक व्हॉल्व्हच्या तोंडाला ओलं बोट लावा. बुडबुडा आला तर काडीखाली वाळूचा कण अडकलाय. नखाने दोनदा झटकन दाबून सोडा, कण हवेबरोबर निघून जातो. तरी गळत असेल तर पिन अर्धा फेरा आवळा, नाहीतर नवी टाका. मग मूळ टोप्या बसवा, नळी झटकून कोरडी करा आणि गेजला धक्का लागणार नाही अशी जुन्या कापडात गुंडाळून सीटखाली ठेवा.